जादा पेट्रोलाची वाट

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. तिच्या वरच्या कांठाजवळ एक लहानशी नळी बाहेर आलेली दिसते. पंप वेळेवर बंद करण्यास कोणी विसरला, किंवा टाकींतील बॉलकॉक बिघडला, म्हणजे जादा पाणी या नळीवाटे बाहेर पडतें. वर्षांतून ३६० दिवस ही नळी कोरडी असते व तिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. तिचें तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीवर आलें आहे हें उरलेल्या ५ दिवसांत कळतें, आणि तें कळविण्याचें काम शेजारी मोठ्या आवाजांत करतात.

अशीच एक नळी जुन्या मोटारगाडीच्या कार्ब्युरेटरला असते. तींतून मात्र पाणी नव्हे, पेट्रोल बाहेर पडतें. आणि तिच्या शेजारीं खिडकी नसून तापलेलें बीड असतें. या नळीचें तोंड कोठें असावें, ती कोणत्या वाटेनें न्यावी व कोणत्या वाटेनें नेऊं नये, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. विषय लहान आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु सुटीच्या दिवशीं आजोबांच्या किंवा मामांच्या जुन्या गाडीचें बॉनेट उघडून हात काळे करणारे विद्यार्थी आमच्या वर्गांत आहेत, व त्यांच्या हातांची आम्हांस काळजी आहे.

आजच्या मोटारींत कार्ब्युरेटर राहिलेला नाहीं. तेथें पेट्रोल पिचकारीप्रमाणें मोजून आंत सोडतात. कार्ब्युरेटर उरला आहे तो जुन्या गाड्यांत व २०२० पूर्वींच्या बहुतेक दुचाकींत. उदाहरणासाठीं आपण एम्. जी. बी. ही इंग्लंडमधील गाडी घेऊं. अ‍ॅबिंग्डन या गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती. अशा ५ लक्षांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, व हौशी लोक त्या आजहि चालवितात. तिचें १७९८ घन सेंटिमीटरचें इंजिन ज्या घराण्यांतील, त्याच घराण्यांतील धाकटें, १४८९ घन सेंटिमीटरचें इंजिन आपल्या अँबॅसडर गाडींत अनेक वर्षें होतें. तेव्हां हें उदाहरण सातासमुद्रांपलीकडचें असलें तरी अगदींच परकें नव्हे.

एम्. जी. बी. च्या इंजिनास एस्. यू. जातीचे दोन कार्ब्युरेटर बसविलेले असतात. ‘एस्. यू.’ हीं अक्षरें ‘स्किनर युनियन’ या नांवाचीं. स्किनर कुटुंबाचा मूळ धंदा पादत्राणांचा; त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरांत चामड्याचा भाता होता, यांत नवल तें काय! प्रत्येक कार्ब्युरेटरच्या बाजूस झांकणाची एक वाटी असते. तिला मेकॅनिक लोक फ्लोट चेंबर म्हणतात. वाटींत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल वाढलें कीं फ्लोट वर येतो, त्याबरोबर झांकणांतील एक तरफ उचलली जाते, व तरफ एका लहान सुईस वर दाबून पेट्रोल येण्याचें भोंक बंद करते. इंजिनानें पेट्रोल ओढलें म्हणजे फ्लोट खालीं जातो, सुई सुटते व नवें पेट्रोल येतें. गच्चीवरील बॉलकॉक तो हाच, केवळ मुठींत मावेल एवढा.

आतां ही सुई नीट बसली नाहीं तर काय होईल? सुईच्या बैठकींत मातीचा एक कण अडकला, सुईचें टोंक झिजून त्यास कंगोरा पडला, पितळी फ्लोटचा डाग सुटून त्यांत पेट्रोल शिरलें व तो तरंगेनासा झाला, किंवा मूळच्याहून जबर दाबाचा नवा पंप कोणी बसविला, तर भोंक उघडें राहतें आणि वाटी भरून वाहूं लागते. या कारणांत अलीकडे एकाची भर पडली आहे. इंग्लंडमध्यें सप्टेंबर २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलें पेट्रोल सर्वत्र विकलें जाऊं लागलें, व आपल्याकडे तें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें आहे. जुन्या धर्तीच्या रबरी नळ्यांस इथेनॉल मानवत नाहीं. त्या फुगतात, मऊ होतात किंवा आंतून सुटूं लागतात. रबराचा तो चुरा पेट्रोलाबरोबर वाहत जाऊन नेमका सुईखालीं बसतो. नळी बाहेरून काळी कुळकुळीत, नवी दिसत असतांहि आंतून अशी झालेली असूं शकते. म्हणून इथेनॉलास टिकणारी, उत्तम प्रतीची नळीच विकत घ्यावी. आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांसाठीं जी नळी मिळते व जिच्यावर ‘एस्. ए. ई. जे ३० आर ९’ अशी खूण छापलेली असते, ती या कामास चांगली. येथें चार पैसे वांचविणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

एम्. जी. बी. चा पंप विजेवर चालतो व तो गाडीच्या मागल्या भागीं असतो. किल्ली फिरवितांच तो टक् टक् असा आवाज करूं लागतो. दोन्ही वाट्या भरल्या म्हणजे आवाज थांबतो. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, हा पंप इंजिनावर नव्हे, किल्लीवर अवलंबून आहे. इंजिन बंद पडलें तरी किल्ली चालू असेपर्यंत व सुई उघडी असेपर्यंत तो पेट्रोल ढकलीतच राहतो, आणि तें थेंबाथेंबानें नव्हे. मिनिटास सुमारें १ लिटर देण्याची त्याची ताकद असते.

एक लिटर पेट्रोल म्हणजे किती, याचें गणित वर्गांत करून पाहण्याजोगें आहे. त्याची संपूर्ण वाफ झाल्यास ती १५० लिटरांहून अधिक जागा व्यापते. हवेंत या वाफेचें प्रमाण सुमारें दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असलें म्हणजे मिश्रण पेट घेऊं शकतें. १५० लिटर हे दीड टक्का धरले तर एकंदर मिश्रण १०,००० लिटर, म्हणजे १० घनमीटर झालें. अडीच मीटर लांब, २ मीटर रुंद व २ मीटर उंच अशी खोली डोळ्यांपुढें आणा. ती सगळी एका ठिणगीची वाट पाहणाऱ्या हवेनें भरण्यास एका मिनिटाचें सांडलेलें पेट्रोल पुरें आहे! शिवाय ही वाफ हवेपेक्षां तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाहीं. जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यांत उतरते, व कोपऱ्यांतील समईपर्यंत किंवा विजेच्या बटणापर्यंत पोंचते. पेट्रोलास वाफ देण्यासाठीं उन्हाळ्याचीहि गरज नाहीं. शून्याखालीं ४० अंश सेंटिग्रेड एवढ्या कडक थंडींतहि त्याची वाफ पेटण्याइतकी होते.

एवढें पेट्रोल बाहेर पडलेंच तर तें कोठें पडेल? बी-घराण्यांतील या इंजिनांत पेट्रोल-हवेची आंत येण्याची वाट व जळलेल्या वायूंची बाहेर जाण्याची वाट या दोन्ही डाव्या अंगास आहेत. दोन्ही कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डच्या अगदीं वर येतात; मध्यें एक पत्र्याचा आडोसा असतो, एवढेंच. चढावर नेटानें चालविलेल्या गाडीचा हा मॅनिफोल्ड ४०० अंशांच्याहि वर तापूं शकतो. आतां बंद भांड्यांत पेट्रोलाची वाफ सुमारें २५० ते ३०० अंशांस ठिणगीवांचूनहि पेटते. उघड्या हवेंत मात्र तापलेल्या धातूवर ती पेटण्यास त्याहून पुष्कळच अधिक उष्णता लागते. म्हणून मॅनिफोल्डवर पडलेला प्रत्येक थेंब पेटतोच असें नाहीं. बहुतेक थेंब चर्र करून नाहींसे होतात. याच कारणानें लोक निर्धास्त होतात, व ‘आमच्या गाडींत हें नेहमींच होतें, कांहीं बिघडत नाहीं’ असें सांगतात. नाहींसा झालेला थेंब हा वाफ झालेला थेंब असतो, आणि ती वाफ बॉनेटखालीं ठिणगी शोधीत फिरत असते.

अशा वेळीं उपयोगी पडावी म्हणूनच वाटीच्या झांकणास एक बोंडी असते व तिला ही ओव्हरफ्लोची नळी जोडतात. परंतु तिचें काम एवढेंच नव्हे. वाटींतील पेट्रोलावर बाहेरील हवेचा दाब असेल तरच तें जेटमधून सुरळीत वर चढतें. तो दाब आंत पोंचविणारी वाटहि हीच. आपण सरबताच्या बाटलीच्या तोंडाभोंवतीं ओठ घट्ट मिटून नळीनें सरबत ओढूं पाहिलें तर थोड्याच वेळांत सरबत येईनासें होतें, तसेंच हें. थोडक्यांत, जादा पेट्रोलाची वाट व वाटीचें नाक या दोहोंची जोखीम एकाच नळीवर आहे.

हें न समजल्यामुळें काय होतें याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या जुन्या गाडींत पेट्रोलाचा वास येई. एका कारागिरानें नळी दुमडून तिला तार गुंडाळली. थेंब पडावयाचे थांबले, व गृहस्थांनीं त्यास बक्षीसहि दिलें. पुढें गाडी मधूनच काळा धूर सोडूं लागली, आणि एके दिवशीं हवेच्या फिल्टरमधून पेट्रोल ठिबकतांना त्यांच्या मुलानें पाहिलें. तें ठिबकत होतें तें नेमकें मॅनिफोल्डवर. नळी बंद केल्यानें सुईची गळती थांबली नव्हती. वाटींतील जादा पेट्रोल जेटमधून कार्ब्युरेटरच्या घशांत चढत होतें, व तेथून मिळेल त्या वाटेनें बाहेर येत होतें. नळींतून पडणारा थेंब हा सुई बिघडल्याचा निरोप असतो. निरोप्याचें तोंड बांधून काय लाभ?

नळीची वाट आंखतांना पहिला नियम उताराचा. बोंडीपासून शेंवटच्या टोंकापर्यंत ती सतत उतरती असावी. मध्यें झोळ पडला तर त्यांत पेट्रोल किंवा पावसाचें पाणी सांचून नळी बंद होते, व नाक चोंदतें. तिचा पोकळ व्यास बोंडीच्या व्यासापेक्षां कमी नसावा. काटकोनांत मुडपूं नये, कारण मुडपलेल्या जागीं ती चपटी होते. दुसरा नियम उष्णतेचा. नळी प्रथम आडोशाच्या कडेबाहेर घ्यावी व मगच खालीं सोडावी. आडोशाच्या खालून, मॅनिफोल्डच्या अंगावरून गेलेली रबरी नळी म्हणजे आपण होऊन लावलेली वात होय.

मग ती उजव्या अंगास नेली तर? अनेक विद्यार्थ्यांना ही युक्ति सुचेल. परंतु या इंजिनाच्या उजव्या अंगास डिस्ट्रिब्यूटर, डायनॅमो व स्टार्टर हे तिघेहि बसले आहेत. डावीकडे तापलेलें लोखंड व उजवीकडे ठिणग्या, अशा पेचांत इंजिन ओलांडून लांब नळी नेण्यापेक्षां डाव्या बाजूसच, एक्झॉस्टच्या उतरत्या नळांपासून दूर राहून, सरळ खालची वाट धरणें हेंच योग्य. गाडीच्या कारखान्यानें दिलेल्या मूळ नळ्या व त्यांचे चिमटे शाबूत असतील तर ते तसेच ठेवावे. आमच्या मतें हौशी दुरुस्तीकारांनीं सुचविलेल्या दहा नव्या वाटांपैकीं नऊ मूळ वाटेहून वाईट असतात. मूळ भाग हरवले असल्यास या गाडीचे बहुतेक भाग इंग्लंडांत आजहि नवे बनवून विकले जातात.

तप्त भागाजवळून जाणारा तुकडा तांब्याचा किंवा पोलादाचा असावा. रबर फक्त बोंडीशीं सांधा जोडण्यापुरतें, दोन-तीन बोटें लांब. पुष्कळ लोक कांचेसारखी दिसणारी प्लॅस्टिकची नळी वापरतात, कारण आंतलें दिसतें. ती उष्णतेनें मऊ पडते, पेट्रोलानें कालांतरानें कडक होऊन तडकते, व बोंडीवरून निसटते. तसेंच, इंजिन रबरी उशांवर बसलेलें असल्यामुळें तें सुरू होतांना व बंद पडतांना चांगलेंच हलतें. गाडीचें शरीर हलत नाहीं. नळीचें वरचें टोंक इंजिनास व खालचें शरीरास जखडलें तर रोजच्या ओढाताणीनें सांधा सैल होतो किंवा धातू चिरतो. म्हणून सबंध नळी इंजिनासच, रबराचें अस्तर असलेल्या चिमट्यांनीं धरावी, व ती कोणत्याहि पत्र्याच्या कडेवर घासत नाहीं हें पाहावें.

आतां टोंक. तें इंजिनाच्या खालीं, गाडीच्या सांगाड्याच्याहि खालच्या पातळीस यावें, व त्याच्या खालीं किंवा लगेच मागें एक्झॉस्टचा नळ नसावा. ‘मागें’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. उभ्या गाडींतला थेंब सरळ खालीं पडतो, परंतु धांवत्या गाडींतला थेंब वाऱ्याबरोबर मागें जातो. टोंक तिरकें कापलें असतां थेंब लवकर सुटतो व चिखलानें तोंड बुजण्याचा संभव कमी होतो. मात्र तें तोंड समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे करूं नये. ८० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीवर समोरच्या वाऱ्याचा जो दाब पडतो, तो सुमारें ४ सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलाच्या स्तंभाइतका भरतो. वाटींतील पेट्रोलाची पातळी कांहीं मिलिमीटर वरखालीं झाली तरी जेथें मिश्रण बिघडतें, तेथें ४ सेंटिमीटर म्हणजे थोडें नव्हे. गाडी उभी असतां उत्तम चालते व महामार्गावर मात्र रुसते, अशा दुखण्याचें मूळ क्वचित् या टोंकापाशीं सांपडतें.

दोन कार्ब्युरेटर असतील तर दोन नळ्या शेंवटपर्यंत निराळ्या ठेवाव्या. एकत्र केल्यास कोणती सुई गळते तें कळत नाहीं. नळीचें टोंक बॉनेटखालीं ठेवलेल्या बाटलींत सोडण्याची एक रीत आहे; ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलाची बाटली आणून ठेवण्यासाठींच कां आपण एवढी खटपट केली? १९७० पासून अमेरिकेसाठीं बनलेल्या कांहीं एम्. जी. बी. गाड्यांत या नळ्या कोळशानें भरलेल्या एका डब्याकडे नेलेल्या असतात, म्हणजे वाफ हवेंत न जातां कोळशांत शोषली जाते. ती व्यवस्था स्वतंत्र आहे; तिच्या नळ्या काढून मोकळ्या सोडूं नयेत.

वाट आंखून झाली म्हणजे परीक्षा घ्यावी, पण पेट्रोलानें नव्हे, पाण्यानें. इंजिन पूर्ण थंड असतां गाडी उघड्या जागीं उभी करावी व नळ्या बोंडींवरून काढाव्या, म्हणजे वाटींत पाणी जाणार नाहीं. गाडीखालीं जुनीं वर्तमानपत्रें पसरावीं. पाव लिटर पाण्यांत चिमूटभर हळद कालवून तें लहान नरसाळ्यानें प्रत्येक नळींत ओतावें. पिवळे डाग कागदावर कोठें पडले, नळीच्या सांध्यांत कोठें ओलावा आला, एक्झॉस्टच्या नळावर पिवळा ओघळ आहे काय, हें सर्व बसल्या जागीं दिसतें. पाणी तुंबून हळू जात असेल तर कोठें तरी नळी चपटली आहे. नंतर सायकलच्या पंपानें नळ्या फुंकून कोरड्या कराव्या व पुन्हां जोडाव्या. हा प्रयोग आठवीच्या विद्यार्थ्यानेंहि वडील माणसांच्या देखत करण्यास हरकत नाहीं. पेट्रोलाच्या बाजूस मात्र, म्हणजे वाटी उघडणें, सुई बदलणें या कामांस, विद्यार्थ्यांनीं एकट्यानें हात घालूं नये, अशी पालकांसहि आमची विनंति आहे.

दुसरी परीक्षा कानांची आहे व ती दर वेळीं गाडी काढतांना घेतां येते. किल्ली फिरवावी, इंजिन सुरू करूं नये, व पंपाची टकटक ऐकावी. ती थोड्या सेकंदांत मंद होऊन थांबली तर सुया बसल्या आहेत. ती थांबतच नसेल तर एक तर टाकी रिकामी आहे, नाहीं तर पेट्रोल कोठें तरी वाहत आहे. अशा वेळीं किल्ली तात्काळ बंद करावी, स्टार्टर फिरवूं नये, गॅरेजचा दिवा लावूं अगर मालवूं नये, दारें उघडून सर्वांनीं बाहेर यावें. पावडरचें अग्निशामक यंत्र अशा गाडींत हाताशीं असावेंच. पेट्रोलाच्या आगीवर पाणी ओतल्यास पेट्रोल त्यावर तरंगत पुढें जातें व आग पसरते. कांहीं मालक पंपाच्या तारेंत धक्क्याबरोबर प्रवाह तोडणारें एक बटण बसवितात, म्हणजे अपघात झाल्यास पंप आपोआप थांबतो. ही सुधारणा आम्हांस मूळ रचनेहून निश्चित चांगली वाटते.

ज्यांच्या घरीं जुनी मोटार नाहीं, त्यांनीं २०२० पूर्वींची एखादी मोटारसायकल पाहावी. कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळापासून निघून इंजिनाच्या मागून खालीं लोंबणारी बारीक काळी नळी तेथेंहि आढळेल. तेथें विजेचा पंप नसतो; टाकी वर असल्यामुळें पेट्रोल आपल्याच वजनानें उतरतें. ज्या गाडीस हातानें फिरवावयाची पेट्रोलची तोटी असते, तिची तोटी रात्रीं उघडी राहिली व सुई अडकली, तर सकाळपर्यंत सगळी टाकी त्या बारीक नळीवाटे जमिनीवर येऊं शकते. आणि पुष्कळ घरांत मोटारसायकल रात्रीं जिन्याखालीं, विजेच्या मीटरांच्या शेजारीं उभी करतात.